तोतया मदतनीस

घरीं अथवा संध्याकाळच्या वर्गांत मोठ्यानें वाचण्यासाठीं एक धडा



रत्नागिरीच्या नांवाशीं एका तोतयाची गोष्ट जोडलेली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ते खरोखर पडले कीं नाहीं, याविषयीं पुष्कळांच्या मनांत शंका राहून गेली. पुढें 'मीच तो भाऊ' असें म्हणत एक मनुष्य उभा राहिला. पुण्याच्या कारभाऱ्यांनीं त्याची चौकशी केली, तो खोटा ठरला, व अखेर त्यास रत्नागिरीस कैदेंत ठेवण्यांत आलें. परंतु १७७६ सालीं तेथील सुभेदारानेंच त्यास बंधनांतून सोडविलें व त्याचा पक्ष घेतला. पाहतां पाहतां कोंकणांतील कित्येक किल्ले त्या तोतयाच्या हातीं गेले. शेवटीं त्याच वर्षीं तो पकडला गेला व पुण्यास त्यास देहान्त शासन झालें.

त्याच्या मागें जे गेले ते सगळेच मूर्ख होते असें नव्हे. कोणाला दुःख होतें, कोणाला भीति होती, कोणाला लोभ होता. ज्यांनीं भाऊंना कधीं जवळून पाहिलें नव्हतें, त्यांच्यापाशीं खऱ्याखोट्याची पारख करण्याचें साधनच नव्हतें. मग जो 'मी तो' म्हणेल, त्याच्याच शब्दावर विसंबणें त्यांच्या वांट्यास आलें.

आजचा तोतया घोड्यावर बसून येत नाहीं. तो आपल्या खिशांतल्या मोबाइलवर येतो. आणि 'मी राजा आहें' असें न म्हणतां 'मी तुमचा मदतनीस आहें' असें म्हणतो. त्यास ओळखावें कसें व टाळावें कसें, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

एका गुरुजींची गोष्ट

आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध गुरुजी आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ प्राथमिक शाळेंत शिकवून ते निवृत्त झाले. घराभोवतीं हापूसचीं थोडीं कलमें आहेत. मुलगा मुंबईस चाकरीला असतो. एके दिवशीं त्यांच्या घरचा टीव्ही चालेना. पैसे तर भरलेले होते. गुरुजींनीं मोबाइलवर कंपनीचा मदत क्रमांक शोधला, व जो पहिला दिसला तोच लावला.

पलीकडचा मनुष्य फार नम्र होता. "गुरुजी, तुम्ही चिंता करूं नका, मी बसल्या जागीं दुरुस्त करून देतों," असें म्हणून त्यानें एक ॲप मोबाइलवर घ्यावयास सांगितलें. त्या ॲपांत एक लांब अंक दिसला. तो वाचून दाखविण्यास सांगितलें. मग म्हणाला, "आतां नोंदणीचे केवळ दहा रुपये भरा." दहा रुपयांसाठीं कोण शंका घेणार? गुरुजींनीं कार्डाचा क्रमांक घातला, मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक घातला, आणि टीव्ही सुरू होण्याची वाट पाहत बसले. थोड्या वेळानें बँकेचे संदेश एकामागून एक येऊं लागले. त्या हंगामांत आंब्याचे जे पैसे खात्यांत जमा झाले होते, त्यांतील निम्म्याहून अधिक पैसे गेले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तरी बरें झालें असतें. परंतु गुरुजी तीन दिवस कोणाशीं बोलले नाहींत. "जन्मभर मुलांना शिकविलें, आणि आतां मीच फसलों, हें कोणत्या तोंडानें सांगूं?" असें त्यांस वाटलें. चौथ्या दिवशीं मुलगा घरीं आला तेव्हां त्यानें वडिलांचा चेहरा पाहून विचारलें. तोंपर्यंत ते पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत व दुसऱ्यांतून तिसऱ्यांत जाऊन कोणी तरी काढूनही घेतले होते. चोरानें घेतलें तें घेतलेंच. पण तें परत मिळण्याची जी थोडी आशा होती, ती लाजेनें घालविली.

हें लिहिणारा गुरुजींहून शहाणा आहे असें कोणी समजूं नये. एका संध्याकाळीं आमच्या मोबाइलवर संदेश आला कीं, मागील महिन्याचें वीजबिल न भरल्यामुळें आज रात्रीं साडेनऊ वाजतां वीज तोडली जाईल. वीज अधिकाऱ्याशीं अमुक क्रमांकावर बोला. घरांत आजारी माणूस होतें. आम्हीं घाबरून क्रमांक लावण्यास आरंभही केला होता. इतक्यांत घरांतून आवाज आला, "बिल तर मींच भरलें, पावती डब्यांत आहे." त्या पावतीनें आम्हांस वांचविलें, आमच्या विद्येनें नव्हे. पुढें कळलें कीं, अशाच संदेशांविषयीं महावितरणानें २०२२ मध्यें ग्राहकांस जाहीर सूचना दिली होती.

तोतयाचीं सोंगें

सोंगें पुष्कळ आहेत, परंतु मूळ एकच आहे. चार मुख्य सोंगें ध्यानांत ठेवावीं.

पहिलें सोंग संगणक दुरुस्त करणाऱ्याचें. संगणकावर काम करीत असतां एकाएकीं पडदा भरून सूचना येते, घंटा वाजूं लागते, व 'तुमच्या संगणकांत विषाणु शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर बोला' असें लिहिलेलें दिसतें. किंवा कोणी आपण होऊन दूरध्वनि करतो व 'मी मायक्रोसॉफ्टकडून बोलतों' असें सांगतो. तो तुम्हांस संगणकांतील एक नोंदवही उघडावयास लावतो. त्या नोंदवहींत लहानसहान चुकांच्या नोंदी प्रत्येक निरोगी संगणकांतही असतात; तांबड्या खुणा दाखवून तो त्यांसच रोग म्हणतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें वारंवार सांगितलें आहे कीं, तिच्या खऱ्या सूचनेंत दूरध्वनि क्रमांक कधींच नसतो, आणि ती आपण होऊन कोणाला दुरुस्तीसाठीं दूरध्वनि करीत नाहीं.

दुसरें सोंग खोट्या मदत क्रमांकाचें. येथें चोर आपल्याकडे येत नाहीं. आपणच त्याच्या दारीं जातों. शोध घेतला असतां जो क्रमांक वर दिसतो तो कंपनीचाच असतो असें नव्हे. कोणीही तेथें आपला क्रमांक लावून ठेवूं शकतो. गुरुजी येथेंच फसले.

तिसरें सोंग बँकेच्या अथवा मोबाइल कंपनीच्या कारकुनाचें. 'तुमची केवायसी अपुरी आहे, आज खातें बंद होईल, सिम बंद होईल' अशी त्याची भाषा. कधीं तो वाहनाच्या दंडाची पावती किंवा लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवितो. ज्या फाइलच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें असतात, ती पत्रिकाही नव्हे व पावतीही नव्हे. तें एक ॲप असतें. तें उघडणें म्हणजे घराची कडी आंतून काढून देणें होय.

चौथें सोंग पोलिसाचें. गणवेश घातलेला मनुष्य व्हिडिओवर दिसतो, 'तुमच्या नांवानें गुन्हा नोंदला आहे, तुम्हांस डिजिटल अटक केली आहे, खोलीबाहेर जाऊं नका, कोणास सांगूं नका' असें म्हणतो. आपल्या देशाच्या कायद्यांत अशी अटक मुळींच नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणांत पंतप्रधानांनींही हीच गोष्ट देशाला सांगितली.

मीरा रोडची हकीकत

हे तोतये कोठें तरी दूर समुद्रापलीकडे असतात असें वाटेल. तसें नाहीं. ऑक्टोबर २०१६ च्या आरंभीं ठाणे पोलिसांनीं मीरा रोड येथील दूरध्वनि-केंद्रांवर छापे घातले. सातशेंहून अधिक माणसें चौकशीसाठीं ताब्यांत घेतलीं व सुमारें सत्तर जणांस अटक केली. तेथें काय चालत असे? रात्रीच्या वेळीं, म्हणजे अमेरिकेंत दिवस असतांना, तरुण मुलेंमुली तिकडील लोकांस दूरध्वनि करीत. बोलावयाचे शब्द कागदावर लिहून दिलेले असत. इंग्रजी नांवें घेऊन ते म्हणत, "आम्ही सरकारच्या कर खात्यांतून बोलत आहों, तुम्ही कर बुडविला आहे, आतां पैसे भरा, नाहींतर अटक होईल." आणि पैसे कसे मागत? दुकानांत मिळणाऱ्या गिफ्ट कार्डांच्या अंकांच्या रूपानें. कोणतें सरकार कर असा घेतें? परंतु भ्यालेला मनुष्य हा प्रश्न विचारीत नाहीं.

२७ ऑक्टोबर २०१६ रोजीं अमेरिकेच्या न्याय खात्यानें अशाच एका मोठ्या कटाबद्दल ६१ व्यक्ति व संस्थांवर आरोप ठेवल्याचें जाहीर केलें. त्यांत अहमदाबादचीं पांच दूरध्वनि-केंद्रें होतीं. जुलै २०१८ मध्यें त्या प्रकरणीं तिकडे वीसहून अधिक आरोपींना शिक्षा झाल्या. सर्वांत मोठी शिक्षा २० वर्षांची होती. संगणक-दुरुस्तीच्या सोंगाविषयीं तर अमेरिकेच्या व्यापार आयोगानें २०१२ सालींच सहा टोळ्यांवर कारवाई केली होती, व त्यांपैकीं बहुतेकांचीं ठाणीं हिंदुस्थानांत होतीं. १९ ऑक्टोबर २०२३ रोजीं आपल्या केंद्रीय अन्वेषण विभागानें देशांत ७६ ठिकाणीं झडत्या घेतल्या. त्यांतही खोट्या संगणक-मदतीचीं प्रकरणें होतीं.

या हकीकतींतून दोन गोष्टी शिकाव्या. एक, फसणारे केवळ अडाणी खेडवळ नसतात. श्रीमंत देशांतले शिकलेले लोकही त्याच शब्दांना फसले. दुसरी, फसविणारा मोठा जादुगार नसतो. तो कागदावरचें वाचून दाखविणारा पगारी मनुष्य असतो. त्याच्या कागदावर नसलेला प्रश्न विचारला कीं तो अडखळतो व रागावतो.

पडदा दाखविणारें ॲप

चोर ॲप घ्यावयास कां सांगतो, हें समजून घ्यावें. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर अशीं जीं ॲप आहेत, तीं मूळचीं प्रामाणिक कामासाठीं केलेलीं आहेत. त्यांच्या योगानें दूर बसलेला कारागीर तुमच्या यंत्राचा पडदा आपल्या पडद्यावर पाहूं शकतो, व परवानगी दिल्यास तें चालवूंही शकतो. तुम्हीं जो लांब अंक वाचून दाखवितां, ती त्या दाराची किल्ली होय. ती एकदां दिली म्हणजे बँकेचा सांकेतिक अंक तुम्हीं तोंडानें सांगितला नाहीं तरी चोरास तो दिसतो. म्हणून 'मीं ओटीपी कोणालाच सांगितला नाहीं, तरी पैसे कसे गेले?' असें पुष्कळजण विचारतात, त्याचें उत्तर हेंच आहे. रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच या प्रकाराविषयीं बँकांना सावध केलें होतें.

मनिऑर्डर व अंगठा

आमच्या जिल्ह्यांतील वडील मंडळी एका विशेष कारणानें फसतात असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोंकणांतलें घर मुंबईच्या मनिऑर्डरीवर चाललें. पोस्टमन ओटीवर बसे, फॉर्म पुढें करी, आणि पैसे घेणारा त्यावर सही करी अथवा अंगठा उठवी. म्हणून 'पैसे घ्यावयाचे असतील तर आपण कांहीं तरी खूण द्यावयाची' ही गोष्ट मनांत पक्की बसली आहे. चोर नेमका याच संवयीचा उपयोग करतो. तो म्हणतो, "तुमचे पैसे परत पाठवीत आहें, ते घेण्यासाठीं पिन घाला."

आतांची रीत उलट आहे. मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याच्या व्यवहारांत पिन घालतो तो पैसे देणारा. घेणाऱ्यास पिन घालावा लागत नाहीं; चौकोनी ठिपक्यांचें चित्र मोबाइलला दाखवावें लागत नाहीं; कांहींच करावें लागत नाहीं. पैसे आपोआप खात्यांत येतात. हें एकच वाक्य घरांतील प्रत्येक म्हाताऱ्या माणसास पाठ करवावें : पिन घातला कीं पैसे गेले, आलेल्या पैशाला पिन लागत नाहीं.

ओळखण्याच्या खुणा

पहिली खूण घाई. 'आतां, ह्याच घटकेस, नाहींतर बंद होईल.' खरें कचेरीचें काम इतक्या लगबगीनें चालतें काय, याचा अनुभव आपणां सर्वांस आहेच.

दुसरी खूण गुप्तता. 'फोन ठेवूं नका, घरांत कोणास सांगूं नका.' ज्या मदतीची गोष्ट बायकोस किंवा मुलास सांगतां येत नाहीं, ती मदत नव्हे.

तिसरी खूण, कोठें तरी दाबण्याची, कांहीं तरी उतरवून घेण्याची, अथवा कोणता तरी अंक वाचून दाखविण्याची मागणी.

चौथी खूण, दहा रुपयांसारखी क्षुल्लक रक्कम. ती रक्कम त्याला नको असते; ती भरतांना आपण जें लिहितों, तें त्याला हवें असतें.

या चारांपैकीं एक जरी दिसली तरी बोलणें थांबवावें. उत्तर देण्याची, वाद घालण्याची अथवा क्षमा मागण्याची गरज नाहीं. परक्याच्या तोंडावर दार लावणें आपल्यांत असभ्यपणाचें मानतात, व चोर या सभ्यतेवरच जगतो. येथें फोन ठेवणें हेंच शहाणपण होय.

करावें काय

भाऊसाहेबांच्या तोतयास 'तूं खरा काय?' असें विचारून सत्य कळलें नसतें. ज्यांनीं खऱ्या भाऊंना पाहिलें होतें त्यांनाच विचारावयास हवें होतें. तोच नियम येथें लागू आहे. तोतयाची साक्ष तोतयाकडून घेऊं नये. तो ओळखपत्राचें चित्र पाठवील, तुमचें नांव व पत्ता सांगेल, 'याच क्रमांकावर पुन्हां फोन करून खात्री करा' असेंही म्हणेल. त्यानें दिलेल्या क्रमांकावर खात्री होत नसते. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागें छापलेला असतो; विजेचा बिलावर असतो. त्यावरच बोलावें, किंवा दुसऱ्या दिवशीं जाऊन समक्ष विचारावें. एका रात्रीनें खातें बुडत नाहीं. पासबुक, बिल व कार्ड यांवरील क्रमांक मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा भिंतीस लावून ठेवावा.

संगणकावर घंटा वाजूं लागली तर इंटरनेट तोडावें व संगणक बंद करून पुन्हां चालू करावा. बहुधा तेवढ्यानेंच तो 'रोग' नाहींसा होतो.

आणि फसलोंच तर? तर एक क्षणही दवडूं नये. मोबाइलचें इंटरनेट बंद करावें, तें ॲप काढून टाकावें, व शेजाऱ्याच्या मोबाइलवरून १९३० हा क्रमांक लावावा. सरकारनें ही व्यवस्था २०२१ पासून चालविली आहे. तेथें रक्कम, वेळ व व्यवहाराचा क्रमांक सांगितला म्हणजे बँकांस खबर जाते, व पैसे ज्या खात्यांत पोहोंचले असतील तेथें ते अडवून ठेवतां येतात. पैसे पुढें पुढें सरकत असतात, म्हणून पहिल्या तासाचें मोल पुढच्या दिवसास नाहीं. त्याच वेळीं बँकेसही कळवावें. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकांत असें घातलें होतें कीं, ग्राहकानें स्वतः गुप्त माहिती दिल्यामुळें नुकसान झालें तर बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान त्यानें सोसावें. कळविल्यानंतरचें बँकेनें सोसावें. यावरून गप्प बसण्याची किंमत कळेल. पैसे गेले नसले तरी संशयास्पद फोनची तक्रार 'संचार साथी' च्या 'चक्षु' या सोयीवर करतां येते. ही सोय मार्च २०२४ पासून चालू आहे.

दोन शब्द तरुणांस व घरच्यांस

मीरा रोडच्या त्या खोल्यांत बसलेलीं बहुतेक मुलें चोराच्या घरीं जन्मलीं नव्हतीं. तीं नोकरी शोधीत आलीं होतीं. आपल्या गांवांतूनही मुलें मुंबईस, पुण्यास व परदेशीं नोकरीस जातात. जेथें आपलें खरें नांव सांगावयाचें नाहीं, कागदावरचें खोटें वाचावयाचें आहे, व घरीं कामाचें स्वरूप सांगूं नका असें बजावतात, ती नोकरी पगार कितीही असला तरी सोडावी. तसेंच 'तुमचें बँकखातें महिनाभर वापरावयास द्या, हजार-दोन हजार देऊं' असें कोणी म्हणालें तर त्यास पासबुक, कार्ड अथवा सिम देऊं नये. गुरुजींचे पैसे अशाच उसन्या खात्यांतून गेले. पोलिस प्रथम येतात ते त्या खातेदाराच्या दारीं.

घरच्यांस विनंति एवढीच कीं, फसलेल्या माणसास हंसूं नये व 'तुम्हांला कळत कसें नाहीं' असें म्हणूं नये. आज आपण असें बोललों, तर उद्यां दुसरें कोणी फसलें असतां तें आपल्यास सांगणार नाहीं. ते गुरुजी आतां आसपासच्या वाड्यांतून जातात, लोकांस एकत्र बसवितात, व स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडानें सांगतात. पैसे परत आले नाहींत. पण त्यांनीं सांगितलें म्हणून दोन घरांतले लोक वेळेवर सावध झाले, हें आम्हांस ठाऊक आहे. ज्यास वाचतां येतें त्यानें हा धडा न वाचतां येणाऱ्या शेजाऱ्यास या आठवड्यांत वाचून दाखवावा.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. गुरुजी कोणत्या क्षणीं थांबले असते तर पैसे वांचले असते? असे किती क्षण आले?

२. पैसे घेणाऱ्यास पिन लागतो काय? मनिऑर्डरीची रीत व आतांची रीत यांत भेद कोणता?

३. ओळखण्याच्या चार खुणा सांगा.

४. फोनवरील मनुष्याची खात्री त्यानेंच दिलेल्या क्रमांकावर कां होत नाहीं?

५. फसल्यावर कोणता क्रमांक लावावा, व किती वेळांत?

६. आपल्या वाडींत एकटें राहणारें वृद्ध माणूस कोण आहे, व त्यास हें कोण सांगेल?